बीटा पिक्टोरिस: आधी तारा शोधावा, मग ताऱ्यातून तारा वजा करावा

अगस्त्याकडे पाहणाऱ्याचे लक्ष त्याच्या शेजाऱ्यांकडे सहसा जात नाही. आकाशातील क्रमांक दोनच्या तेजस्वी ताऱ्याजवळ राहण्याचा तोटा म्हणा हवा तर. त्याच्यापासून सुमारे सहा अंशांवर, पश्चिमेला, ३.८६ प्रतीचा एक पांढरा तारा आहे. (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) त्याचे नाव बीटा पिक्टोरिस असून तारासूचीत तो एचडी ३९०६० या क्रमांकाने नोंदलेला आहे. तो आपल्यापासून सुमारे ६३ प्रकाशवर्षे दूर आहे, त्याचे वस्तुमान सूर्याच्या पावणेदोन पट आहे आणि वय अवघे दोन कोटी वर्षांच्या आसपास आहे. त्याच्याभोवती धुळीची जी तबकडी आहे, ती सूर्याखेरीज अन्य ताऱ्याभोवती प्रत्यक्ष छायाचित्रात दिसलेली अशा प्रकारची पहिली तबकडी होय.

तारा नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि तबकडी मोठ्या दुर्बिणीतून डोकावूनही दिसत नाही, ही या विषयातली खरी अडचण आहे. तबकडी पाहण्याची आजवरची प्रत्येक पद्धत बारकाईने पाहिली, तर तिच्या मुळाशी एकच कृती सापडते, आणि ती म्हणजे वजाबाकी. ताऱ्याचा वाटा नेमका किती हे ठरवायचे, तो काढून टाकायचा आणि उरलेले तपासायचे. हौशी निरीक्षकालाही याच वाटेने जावे लागते. फक्त पहिल्या टप्प्यावर वजा करायचे असते ते वातावरण.

तारा आपल्या अक्षांशावरून दिसेल का?

बीटा पिक्टोरिसची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, दक्षिण ५१ अंश ४ कला आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्यामुळे उत्तर गोलार्धातील निरीक्षकाने ३९ मधून आपला अक्षांश वजा केला, की तारा दक्षिणेस जास्तीत जास्त किती उंच येईल ते अंशांत मिळते. विषुववृत्तावर हे उत्तर ३९ अंश येते, २० अंश उत्तरेला १९ अंश आणि ३० अंश उत्तरेला केवळ ९ अंश. ३९ अंशांच्या उत्तरेला तारा क्षितिजावर येतच नाही. दक्षिण गोलार्धात ३५ अंशांवर मात्र तो ७४ अंश उंच चढतो.

उंची कळली म्हणजे तेज कळले असे नाही. ३.८६ ही प्रत वातावरणाच्या बाहेरची आहे. हवा स्वच्छ असताना खमध्याकडे, म्हणजे नेमके डोक्यावर पाहिले, तर हवेचा एक थर सुमारे पाव प्रत खाऊन टाकतो. १९ अंशांच्या उंचीवर ताऱ्याचा प्रकाश तिप्पट हवेतून येतो, म्हणजे पाऊण प्रत गेली आणि तारा ४.६ प्रतीचा भासला. ९ अंशांवर सहापट हवा आडवी येते, दीड प्रत जाते आणि तारा ५.४ प्रतीवर उतरतो. क्षितिजालगत धूर किंवा बाष्प असेल, तर घट याहूनही मोठी होते. म्हणून उत्तरेकडील अक्षांशावरून पाहणाऱ्याने जागा निवडताना केवळ अंधार पाहू नये. दक्षिण दिशेला मोकळे क्षितिज आहे ना आणि त्या बाजूला शहराच्या दिव्यांचा उजेड नाही ना, हे आधी तपासावे. डोक्यावर उत्तम आकाश आणि दक्षिणेला शहर अशी जागा या ताऱ्यासाठी निरुपयोगी आहे.

वेळ साधण्यासाठी मृगाचा एक खूर पुरतो

तारा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे नेमका दक्षिणेला आणि सर्वात उंच, कधी येतो हे घड्याळावरून काढता येते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो स्थानिक मध्यरात्री तेथे असतो. पुढे तो दररोज चार मिनिटे लवकर येतो, त्यामुळे जानेवारीच्या मध्यानंतर रात्री दहाला आणि फेब्रुवारीच्या मध्याला रात्री आठच्या सुमारास त्याची गाठ पडते. ज्यांना मध्यरात्री जागणे जमत नाही, त्यांनी फेब्रुवारी धरावा.

घड्याळापेक्षा सोपी खूण आकाशातच आहे. मृग नक्षत्राच्या चौकोनाचे चार कोपरे म्हणजे हरणाचे चार पाय. त्यातील आग्नेय कोपऱ्याचा तारा, ज्याला सैफ किंवा कप्पा ओरायनिस म्हणतात, त्याचा विषुवांश (आकाशातील पूर्व-पश्चिम स्थान) ५ तास ४७ मिनिटे आहे आणि बीटा पिक्टोरिसचाही तेवढाच. दोघांत अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे मृगाचा हा खूर ज्या क्षणी नेमका दक्षिणोत्तर रेषेवर येतो, त्या क्षणी बीटा पिक्टोरिसही तिथेच, ४१ अंश दक्षिणेला असतो. तारा अजून नजरेला पडलेला नसला, तरी तो कोणत्या उभ्या रेषेवर आहे हे सैफ सांगतो. ताऱ्यांचे नकाशे चाळताना हा योगायोग माझ्या लक्षात आला आणि त्यानंतर या ताऱ्यासाठी वेळेचे गणित करण्याची गरज उरली नाही.

सैफपासून सरळ खाली उतरताना प्रथम शशक तारकासमूह लागतो आणि त्यानंतर कोलंबा. कोलंबातील बीटा हा ३.१ प्रतीचा तारा जवळजवळ याच रेषेवर आहे. तेथून आणखी १५ अंश दक्षिणेला, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड मुठीइतके अंतर खाली गेले, की आपण बीटा पिक्टोरिसपाशी पोहोचतो. दुसरी वाट अगस्त्याकडून येते आणि ती अधिक खात्रीची आहे. अगस्त्याच्या उजवीकडे, हात ताणून धरलेल्या तीन बोटांहून किंचित अधिक अंतरावर, पण अगस्त्याहून जरासा उंच असा तारा शोधावा. ही दिशा ताऱ्याच्या याम्योत्तर गमनाच्या वेळी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहणाऱ्यासाठी आहे. इतर वेळी सगळी आकृती तिरपी झालेली असते.

येथे चूक होण्यास वाव आहे, कारण या भागात साधारण सारखे दिसणारे तारे बरेच आहेत. माझी स्वतःची पहिली ओळख चुकीचीच होती. त्या रात्री वहीत मी गॅमा पिक्टोरिसची नोंद बीटा म्हणून केली आणि दुसऱ्या रात्री नकाशा उघडल्यावर चूक कळली. गॅमा हा बीटाच्या बरोबर खाली पाच अंशांवर असून ४.५ प्रतीचा, म्हणजे स्पष्टपणे मंद आहे. अगस्त्यापासून पश्चिमेकडे १६ अंशांवर आल्फा डोराडस हा ३.३ प्रतीचा तारा आहे. या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर अगस्त्यापासून एक तृतीयांश वाट चालून किंचित उत्तरेला सरकले, की बीटा येतो. आल्फा डोराडस, बीटा, गॅमा असा तेजाचा उतरता क्रम डोळ्यांनी जाणवला, तर ओळख पक्की समजावी. हवा जड असेल, तर आधी बायनॉक्युलरमध्ये तिघे पाहून घ्यावेत, मग नजर ताऱ्याच्या किंचित बाजूला ठेवून तिरक्या नजरेने नुसत्या डोळ्यांनी प्रयत्न करावा. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि तो वाचवण्याचा कोणताही मार्ग नाही.

ताऱ्यापाशी धूळ आहे हे कळले कसे

छायाचित्रणाकडे वळण्यापूर्वी ही गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढील कृती तिच्यावरूनच उचललेली आहे. १९८३ च्या जानेवारीत आयरास हा अवरक्त उपग्रह अवकाशात गेला. ताऱ्याचे तापमान ठाऊक असले, की तो कोणत्या तरंगलांबीवर किती प्रकाश देईल हे आधीच काढता येते. आयरासने अभिजित, मीनास्य, एप्सिलॉन एरिडानी आणि बीटा पिक्टोरिस या ताऱ्यांकडून दूर अवरक्तात त्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक प्रकाश मोजला. मोजलेल्यातून अपेक्षित वजा केले आणि जे उरले ते थंड धुळीचे प्रारण होते. बीटा पिक्टोरिसच्या बाबतीत ही शिल्लक फारच ठळक होती. ताऱ्याच्या एकूण प्रकाशापैकी सुमारे चारशेवा भाग धूळ गिळते आणि उष्णतेच्या रूपात परत सोडते. आपल्या सूर्यमालेतील ज्या धुळीमुळे राशिचक्रीय प्रकाश दिसतो, तिच्या तुलनेत हे प्रमाण दहा हजार पटींहून अधिक आहे.

१९८४ मध्ये ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी चिलीतील लास कंपानास वेधशाळेच्या २.५ मीटर दुर्बिणीला करोनाग्राफ जोडून ताऱ्याचा मध्यभाग एका लहान ठिपक्याआड झाकला. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना एक सरळ, निमुळती होत जाणारी प्रकाशरेषा निघाली आणि ती सुमारे ४०० खगोलीय एककांपर्यंत (एक एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांमधील सरासरी अंतर) पसरलेली होती. आपण या तबकडीकडे तिच्या कडेच्या बाजूने पाहतो. टेबलावरची थाळी डोळ्यांच्या पातळीवर आणली, की ती रेघ होऊन दिसते, तसेच हे आहे. हा आपल्या सोयीचा योग आहे, कारण सगळ्या धुळीने विखुरलेला प्रकाश एका अरुंद पट्टीत दाटतो. हीच तबकडी समोरून दिसली असती, तर तिचा प्रकाश मोठ्या क्षेत्रावर पसरून कितीतरी फिका झाला असता.

या धुळीविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो, तो येथेच दूर केलेला बरा. ही तारा जन्मला त्या वेळची उरलेली धूळ नव्हे. काही मायक्रॉनपेक्षा लहान कण ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबाने बाहेर ढकलले जातात आणि त्याहून मोठे कण एकमेकांवर आपटून बारीक होत राहतात. दोन कोटी वर्षे ती टिकून राहणे शक्य नाही. ती आजही दिसते, याचा अर्थ लघुग्रह आणि धूमकेतूंसारख्या वस्तू तेथे सतत धडकत आहेत आणि नवी धूळ पुरवीत आहेत.

आपल्या दुर्बिणीतून तबकडी: संपूर्ण कृती

हे काम केवळ मोठ्या वेधशाळांचे आहे असे समजू नये. २०११ मध्ये न्यूझीलंडमधील एका हौशी आकाश-छायाचित्रकाराने २५ सेंटिमीटरच्या परावर्तक दुर्बिणीतून ही तबकडी टिपली, तीही करोनाग्राफ न वापरता. पद्धत अशी, की बीटाचे चित्र घ्यायचे, तशाच रंगाच्या पण तबकडी नसलेल्या ताऱ्याचे चित्र त्याच यंत्रणेने घ्यायचे आणि पहिल्यातून दुसरे वजा करायचे. हा दुसरा तारा म्हणजे आल्फा पिक्टोरिस. तो ३.३ प्रतीचा आहे, बीटापासून सुमारे १४ अंशांवर आहे आणि दोघेही 'ए' वर्गातले असल्यामुळे त्यांचे रंग जुळतात. रंग जुळण्याला महत्त्व आहे, कारण निळ्या आणि तांबड्या ताऱ्यांची प्रभा दुर्बिणीत वेगवेगळ्या प्रकारे पसरते आणि मग वजाबाकीत खोटी वलये उरतात.

जागेबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. तारा किमान ४५ अंश उंच आल्याशिवाय हा प्रयोग करू नये, आणि ही अट विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेपासून पुढेच पूर्ण होते. २० अंश उत्तरेला आल्फा पिक्टोरिस जास्तीत जास्त ८ अंश वर येतो. इतक्या जाड हवेतून आलेली प्रतिमा वजाबाकीच्या कामाची नसते. तेथील वाचकाने दुर्बिणीचा खर्च आणि रात्री वाया न घालवता लेखाच्या अखेरच्या भागाकडे वळावे, असा माझा प्रामाणिक सल्ला आहे.

प्रथम प्रतिमेचे माप ठरवावे. कॅमेऱ्याच्या पिक्सेलची मायक्रॉनमधील रुंदी २०६ ने गुणून दुर्बिणीच्या मिलिमीटरमधील नाभ्यांतराने भागली, की एका पिक्सेलवर किती विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) येतात ते मिळते. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आणि नाभ्यांतर, ते वाढवणाऱ्या बार्लो भिंगासह, २५०० मिलिमीटर असेल, तर उत्तर ०.३१ विकला येते. ताऱ्याच्या अंतरावर १०० खगोलीय एकके म्हणजे ५.१५ विकला. म्हणजे तबकडीचा आपल्याला साधणारा भाग, ताऱ्यापासून ५ ते २० विकलांपर्यंतचा, या चित्रात १६ व्या पिक्सेलपासून ६५ व्या पिक्सेलपर्यंत पसरेल. एवढा विस्तार पुरेसा आहे. पिक्सेलमागे एक विकला असली तरी काम होऊ शकते, पण मग केंद्र जुळवण्यातली प्रत्येक चूक महाग पडते.

त्यानंतर दुर्बिणीची नळी योग्य कोनात फिरवून घ्यावी. ही पायरी बहुतेक जण विसरतात आणि मग सगळी रात्र फुकट जाते. न्यूटोनियन दुर्बिणीत दुय्यम आरशाला धरणाऱ्या चार पट्ट्यांमुळे तेजस्वी ताऱ्याभोवती प्रकाशाचे चार काटे उमटतात. तबकडीची रेषा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ३० अंशांवर, म्हणजे ईशान्य ते नैर्ऋत्य अशी आहे. काटे त्याच रेषेवर पडले, तर तबकडी त्यांच्याखाली गाडली जाते. विषुववृत्तीय माउंटवर नळी तिच्या कड्यांमध्ये फिरवता येते, म्हणून काटे ७५, १६५, २५५ आणि ३४५ अंशांवर येतील अशी ती फिरवावी. असे केल्याने तबकडीची दोन्ही टोके लगतच्या काट्यांपासून ४५ अंश दूर राहतात. याहून चांगली मांडणी शक्यच नाही. एकदा नळी आवळली, की दोन्ही ताऱ्यांचे चित्रण संपेपर्यंत तिला आणि फोकसला हात लावू नये. माउंटची बाजू बदलण्याची वेळही मध्ये येऊ देऊ नये, कारण नळी उलटली, की काट्यांचा आणि आरशाच्या दोषांचा आकार प्रतिमेत फिरतो आणि दोन चित्रे जुळेनाशी होतात.

एक्स्पोजरचे गुणोत्तर साध्या गणिताने मिळते. दोन ताऱ्यांच्या प्रतींत ०.५६ चा फरक आहे, म्हणजे आल्फा हा बीटाच्या १.६७ पट तेजस्वी आहे. बीटासाठी ३० सेकंद ठेवले, तर आल्फासाठी १८ सेकंद ठेवावेत, म्हणजे दोघांच्या प्रभेचा पसारा चित्रात सारखा येतो. या एक्स्पोजरमध्ये ताऱ्याचा मध्य पूर्ण जळून पांढरा होईल; होऊ द्यावा, तो भाग आपल्याला नकोच आहे. मात्र जळालेला प्रकाश उभ्या पट्ट्यांच्या रूपाने सांडू लागला, तर एक्स्पोजर कमी करून चित्रांची संख्या वाढवावी. कॅमेरा कच्च्या स्वरूपात चित्रे साठवणारा हवा आणि त्यातील आपोआप होणारी गोंगाट-सफाई बंद हवी.

चित्रे घेताना आधी बीटाची सगळी आणि नंतर आल्फाची सगळी असा क्रम ठेवू नये. हवेची थरथर तासाभरात बदलते आणि तिच्यासोबत प्रभेचा आकारही. दहा चित्रे बीटाची, दहा आल्फाची, पुन्हा दहा बीटाची अशी आलटून पालटून घ्यावीत आणि दोघांची प्रत्येकी पन्नास-साठ चित्रे जमवावीत. ज्यात तारा फुगलेला किंवा लांबट दिसतो, ती चित्रे निर्दयपणे काढून टाकावीत. साठांतून पस्तीस उरली तरी चालेल. वाईट पंचवीस ठेवण्यापेक्षा ते बरे.

डार्क (झाकण लावून घेतलेली चित्रे) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाची चित्रे) यांचे नेहमीचे संस्कार झाले, की केंद्र जुळवण्याचे काम येते आणि यशापयश बहुतांशी इथेच ठरते. ताऱ्याचा मध्य जळालेला असल्यामुळे संगणकाचे नेहमीचे केंद्र शोधणारे साधन फसते. त्याऐवजी चार काट्यांमधून दोन सरळ रेषा काढाव्यात. त्या जिथे छेदतात ते खरे केंद्र. प्रत्येक चित्र या केंद्रावर पिक्सेलच्या अंशापर्यंत सरकवावे आणि दोन्ही ताऱ्यांच्या चित्रांचे वेगवेगळे मध्यक काढावेत. या टप्प्यावर चित्राची धार वाढवणे, वक्र ताणणे, रंग सुधारणे यांपैकी काहीही करू नये. प्रकाशाचे आकडे सरळ प्रमाणात असतील, तरच वजाबाकीला अर्थ राहतो.

आता वजाबाकी. १.६७ हे गुणोत्तर पुस्तकी आहे. त्या रात्री दोन तारे वेगवेगळ्या उंचीवर असल्याने ते थोडे चुकलेले असते. म्हणून आल्फाच्या चित्राला एका गुणकाने गुणावे आणि तो गुणक असा निवडावा, की तबकडीला काटकोनात असलेल्या १२० आणि ३०० अंशांच्या दिशांना वजाबाकीनंतर सरासरी शून्य उरेल. या दिशा काट्यांच्या बरोबर मध्यावर येतात, त्यामुळे तेथील प्रभा स्वच्छ असते. ही दिशा निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. गुणक ठरवताना तबकडीच्या भागाकडे पाहिलेच नाही, तर आपल्याला हवे ते दिसेपर्यंत आकडा फिरवत बसण्याचा मोह टळतो. आतल्या चार विकलांवर काळा गोल ठेवून तो भाग झाकावा, कारण तेथे उरलेले काहीही विश्वासार्ह नसते.

सगळे नीट जमले, तर ईशान्येला आणि नैर्ऋत्येला एकेक फिकट शेपूट दिसेल. ते दिसताच आनंदित होण्याचा हक्क आहे; जाहीर करण्याचा मात्र अजून नाही. आधी आल्फाच्या निम्म्या चित्रांतून उरलेली निम्मी वजा करून पाहावीत. तेथेही रेषा उमटली, तर ती यंत्रातली आहे. रेषा पूर्व-पश्चिम दिशेकडे झुकत असेल, तर संशय माउंटच्या चालीवर घ्यावा, कारण माग ठेवण्यातली चूक त्याच दिशेला तारा ताणते. सर्वात कठोर कसोटी म्हणजे दुसऱ्या रात्री कॅमेरा चाळीसेक अंश फिरवून सगळे पुन्हा करणे. खरी तबकडी आकाशासोबत राहते आणि कॅमेऱ्याचा दोष कॅमेऱ्यासोबत फिरतो. या कसोटीला उतरलेले चित्र कितीही खरबरीत असले, तरी ते मोलाचे आहे.

चित्रात काय आहे आणि काय नाही

चित्रावर ५.१५ विकलांची एक मापरेषा काढून ठेवावी. नेपच्यूनची कक्षा ३० खगोलीय एककांची आहे, म्हणजे या ताऱ्यापाशी ती दीड विकलेत मावली असती. आपण झाकलेल्या काळ्या गोलात सबंध ग्रहमाला दोनदा बसते. आपल्याला दिसते ते तिच्या पलीकडचे.

त्या गोलाच्या आत दोन महाग्रह ठाऊक आहेत. बीटा पिक्टोरिस बी हा सुमारे ९ ते १० खगोलीय एककांवर आहे. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने २००३ मध्ये घेतलेल्या प्रतिमांतून तो २००८ मध्ये जाहीर झाला, आणि २००९ मध्ये ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा दिसल्यावर तो ग्रहच आहे यावर शिक्कामोर्तब झाले. ताऱ्यापासून तो अर्ध्या विकलेच्या आसपासच दूर जातो, म्हणून हौशी दुर्बिणीतून त्याची आशा धरू नये. दुसरा, बीटा पिक्टोरिस सी, २०१९ मध्ये ताऱ्याच्या डगमगण्यावरून सापडला. तो आणखी आत, सुमारे २.७ खगोलीय एककांवर फिरतो. बी ग्रहाची चाहूल त्याच्या शोधाआधीच तबकडीने दिली होती. हबलच्या चित्रांत तबकडीचा आतला भाग किंचित वाकलेला आढळला आणि एखादा तिरक्या कक्षेतला जड ग्रह तो वाकवत असावा असा तर्क मांडला गेला. २००६ मध्ये हबलनेच मुख्य तबकडीला चार-पाच अंशांनी कललेली दुसरी, अधिक मंद तबकडी दाखवली.

वेधशाळांच्या साठ्यातून काम

उत्तरेकडील वाचकासाठी, आणि खरे तर सगळ्यांसाठीच, हा भाग सर्वाधिक फळ देणारा आहे. बीटा पिक्टोरिसची व्यावसायिक निरीक्षणे खुल्या साठ्यांत मोफत उपलब्ध आहेत आणि त्यांतून धूमकेतू शोधता येतात. हो, धूमकेतूच, आणि तेही दुसऱ्या ताऱ्याचे. तबकडी कडेने दिसत असल्यामुळे ताऱ्याचा प्रकाश तिच्यातून पार होऊन आपल्याकडे येतो. एखादा धूमकेतू ताऱ्यासमोरून गेला, की त्याचा वायू ताऱ्याच्या वर्णपटावर छाप सोडतो.

त्यासाठी युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या साठ्यात हार्प्स या उपकरणाचे एचडी ३९०६० चे वर्णपट शोधावेत. हे उपकरण ला सिला येथील ३.६ मीटर दुर्बिणीवर आहे. वर्णपटात ३९३.३७ नॅनोमीटरजवळ आयनीभूत कॅल्शियमची रुंद रेषा आहे. तिचा तळाचा भाग मोठा करून पाहावा. तेथे एक अरुंद, न बदलणारी शोषणरेषा ताऱ्याच्याच वेगाची, म्हणजे सुमारे २० किलोमीटर प्रतिसेकंदाची दिसते. ती तबकडीतल्या स्थिर वायूची आहे. वेगवेगळ्या रात्रींचे वीसेक वर्णपट एकावर एक ठेवले, की तांबड्या बाजूला काही खाचा एका रात्री असतात आणि दुसऱ्या रात्री नसतात. प्रत्येक तरंगलांबीवर सगळ्या वर्णपटांतील वरची मर्यादा घेऊन एक निर्मळ वर्णपट तयार करावा आणि प्रत्येक रात्रीच्या वर्णपटाला त्याने भागावे. भागाकार हा वजाबाकीचाच भाऊ आहे. तारा जातो आणि धूमकेतू उरतात. खाच स्थिर रेषेपासून ०.०६६ नॅनोमीटर तांबडीकडे असेल, तर तो वायू ताऱ्याच्या सापेक्ष सेकंदाला ५० किलोमीटर वेगाने ताऱ्याकडे चालला आहे. याच उपकरणाच्या २००३ ते २०११ मधील हजारावर वर्णपटांतून २०१४ मध्ये ४९३ धूमकेतूंची नोंद प्रसिद्ध झाली आणि त्यांचे दोन वेगळे कळप असल्याचेही दिसले.

दुसरी वाट टेस या उपग्रहाच्या प्रकाशमापनाची आहे. अमेरिकेच्या मास्ट साठ्यातून २०१८ ऑक्टोबर ते २०१९ फेब्रुवारी या काळातील दोन-दोन मिनिटांच्या नोंदी घ्याव्यात; पायथॉन येत असेल, तर लाइटकर्व्ह या साधनाने त्या थेट उघडतात. आलेख पाहून नवखा माणूस गोंधळतो, कारण हा तारा स्वतः स्पंदन पावतो आणि साधारण अर्ध्या तासाच्या लयीने त्याचा प्रकाश थरथरतो. सर्वात जोरदार स्पंदन शोधून त्याचा तरंग नोंदींतून वजा करावा, उरलेल्यात पुन्हा सर्वात जोरदार शोधावे आणि थरथर गोंगाटात मिसळेपर्यंत हे चालू ठेवावे. खाली उरलेल्या सपाट रेषेवर तीन छोटे खड्डे सापडले पाहिजेत, पण त्यांची खोली पाव टक्क्याहूनही कमी आहे. त्यांचा आकार नीट न्याहाळावा. प्रकाश झपकन उतरतो आणि सावकाश भरून येतो, कारण धूमकेतूचे दाट डोके आधी ताऱ्यासमोर येते आणि विरळ होत जाणारे शेपूट मागून सरकते. ग्रहाच्या संक्रमणाचा खड्डा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. धूमकेतूचा खड्डा असाच दिसेल, हे भाकीत १९९९ मध्ये, म्हणजे टेसच्या वीस वर्षे आधी, प्रसिद्ध झाले होते.

ज्यांना एवढ्यावर थांबवत नाही, त्यांच्यासाठी दोन काळांची वजाबाकी शिल्लक आहे. स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीने २००४-०५ मध्ये या ताऱ्याभोवतीच्या बारीक, स्फटिकरूप सिलिकेट धुळीची खूण वर्णपटात नोंदवली होती. जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये तेथेच पाहिले, तेव्हा ती खूण नाहीशी झालेली आढळली. स्पिट्झरच्या निरीक्षणांच्या थोडे आधी तेथे मोठ्या लघुग्रहांची टक्कर झाली असावी आणि तिची धूळ दरम्यानच्या वीस वर्षांत ताऱ्याच्या प्रकाशाने बाहेर ढकलली असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला आहे. दोन्ही वर्णपट साठ्यांत आहेत. एकाच आलेखावर मांडताना दोघांतूनही आधी ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश वजा करावा आणि १८ आणि २३ मायक्रॉनच्या आसपासचे उंचवटे एकात ठळक आहेत, दुसऱ्यात जवळजवळ नाहीत, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे.